फिरत्या चक्राचा आळ

मी एक जुना लॅपटॉप आहे, मित्रांनो, आणि हे मीच आधी सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला ते मला ऐकवण्याचे श्रम नकोत. माझी एक बिजागरी सैल आहे. बॅटरीत जीव थोडाच उरला आहे, म्हणून मला सतत भिंतीतल्या प्लगजवळ बसावे लागते. कीबोर्डावरचे एक बटण तिरके आहे. पंखा सुरू झाला की शेजारच्या खोलीत कळते. हे सगळे मला मान्य आहे. पण ज्या एका गोष्टीसाठी मला घराबाहेर काढायला निघाले होते, ती मी केलेली नव्हती. तेव्हा आज मी कोणाची दया मागायला बसलेलो नाही. मला जाब विचारायचा आहे.

माझा जन्म एका लांबलचक पांढऱ्या खोलीत झाला. टोप्या आणि हातमोजे घातलेली माणसे ओळीने बसली होती. एकाने मला स्मरणशक्ती दिली, एकीने पडदा बसवला, कोणीतरी पोटात पंखा ठेवून स्क्रू आवळले. ओळीच्या टोकाला बसलेल्या बाईने मला पहिल्यांदा चालू केले. माझ्या उजेडात तिचा चेहरा उजळला. तिने सगळी बटणे दाबून पाहिली आणि माझ्या पाठीवर तपासणीची चिकटपट्टी लावून मला पुढे सरकवले. नापास माल खोक्यात भरत नाहीत, हे लक्षात असू द्या.

दुकानातून मला एक मुलगी घेऊन गेली. तिला रक्ततपासणीच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला होता. बरोबर तिचे बाबा होते. त्यांनी मला उचलून वजन पाहिले, जसे काही मी कलिंगड होतो, आणि दुकानदाराला विचारले, "पोरीचं शिक्षण होईपर्यंत टिकेल ना?"

"काका, पोरीच्या पोरांना पुरेल," दुकानदार म्हणाला.

दुकानदार माल खपवायला काहीही बोलतात. मी मात्र ते मनावर घेतले.

ती मुलगी म्हणजे माझी मालकीण. तिने माझ्यावर किती अभ्यास केला म्हणून सांगू. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे जांभळे ठिपके, सगळे माझ्या पडद्यावर येऊन गेले. पुढे ती एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत लागली, तेव्हा तिच्याबरोबर मीही जाऊ लागलो. एकदा तिथले मोठे यंत्र बिघडले आणि दुपारभर सगळे आकडे मी सांभाळले. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "हा तुमचा डबा कामाचा आहे हं." डबा म्हणाल्या, तरी ते कौतुकच होते. मी ते जपून ठेवले आहे.

मग मालकिणीचे लग्न झाले, आणि काही काळाने घरात ठकी आली. तिचे शाळेसाठीचे नाव वेगळे आहे, पण घरात सगळे तिला ठकीच म्हणतात. ठकीसाठी मालकिणीने प्रयोगशाळा सोडली. माझी जागा टेबलावरून कपाटाच्या वरच्या फळीवर गेली. ठकी रांगायला लागली आणि एके दिवशी मी चुकून खाली राहिलो, तेव्हा तिने माझे एक बटण उपटून तोंडात घातले. मालकिणीने तिच्या तोंडात बोट घालून ते काढले. त्या दिवशी ती इतकी घाबरली, की बटण परत चिकटवताना तिचा हात थरथरत होता. म्हणून ते तिरके आहे. माझी तक्रार नाही. त्या बटणाकडे पाहिले की मला तो थरथरता हात आठवतो.

तशी माझी मालकीण काळजी करणारी. टेबलांच्या कोपऱ्यांना तिने जुन्या मोज्यांचे तुकडे बांधले होते. मोरीच्या दाराला वर कडी, खाली कडी. ठकी झोपली की ही तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायची.

"झोपलीय ती. पळून नाही गेली," ठकीचा बाबा म्हणायचा.

"बघितलं तर काय बिघडलं?"

"तिची झोपमोड होते गं. मग रात्रभर मला घोडा व्हावं लागतं."

हीच काळजी एक दिवस माझ्या ब्राउझरात शिरली. ब्राउझर म्हणजे इंटरनेटवरची पाने उघडण्याची माझी खिडकी. कोणीतरी मालकिणीला सांगितले, की आजकाल पोरांना पडद्यावर नको ते दिसते, आणि कॅमेऱ्यातून अनोळखी लोक घरात डोकावतात. झाले. तिने माझ्या खिडकीत राखणदार बसवायला सुरुवात केली. तुम्ही त्यांना एक्स्टेन्शन म्हणता. ब्राउझरला जोडलेले छोटे छोटे मदतनीस. एक जाहिराती अडवणारा. एक वाईट चित्रे अडवणारा. एक कॅमेऱ्याच्या आसपास फिरकणाऱ्या प्रत्येकाला अडवणारा. ठकीच्या आत्याने जाहिराती अडवणाऱ्याच आणखी एकाची शिफारस केली, तोही आला. प्रत्येक जण दंडुका घेऊन दारात उभा. मी पाहत होतो. पण मला कोण विचारतो?

सुरुवातीला काही बिघडले नाही. मालकीण मला क्वचितच उघडत होती, आणि ज्या साध्या पानांवर ती जायची, त्यांना राखणदार सोडत होते.

मग प्रयोगशाळेत एक जागा निघाली. तीच प्रयोगशाळा, त्याच प्रमुख बाई. पण मधे इतका खंड पडलेल्यांना पुन्हा एक परीक्षा द्यावी लागणार होती, घरी बसून, संगणकावर, रविवारी सकाळी. नंतर अशी संधी कधी येईल ते कोणालाच ठाऊक नव्हते. मालकिणीने मला फळीवरून उतरवले, माझ्या पडद्यावरची धूळ ओढणीने पुसली आणि हळूच म्हणाली, "चल रे बाबा, परत एकदा."

मित्रांनो, तेव्हा मला काय वाटले ते विचारू नका.

परीक्षेआधी सराव करण्यासाठी एक पान दिलेले होते. तिने ते उघडले. वरची पट्टी आली, रुग्णालयाचे चिन्ह आले, आणि मध्यभागी ते गोल चक्र फिरू लागले. फिरतच राहिले. तिने चहा करून आणला. चक्र फिरत होते. चहा संपला. चक्र फिरत होते. काही चुकले असे पान म्हणत नव्हते, बंदही पडत नव्हते. नुसते थांबा, थांबा, थांबा.

इथे तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी. इंटरनेटवरचे पान एका तुकड्यात येत नाही. अक्षरे एकीकडून येतात, चित्रे दुसरीकडून, बटणांना चालवणाऱ्या सूचना तिसरीकडून. सगळे आले की पान पूर्ण होते. काही पाने समजूतदार असतात. एखादा तुकडा आला नाही, तर त्याच्याविना उघडतात. काही हट्टी असतात. लग्नघरात एका काकांसाठी पंगत अडवून धरतात ना, तशी शेवटच्या तुकड्यासाठी अडून बसतात. मग चक्र फिरत राहते, आणि बघणाऱ्याला वाटते, लॅपटॉपच मेला.

"नेट स्लो असेल," ठकीचा बाबा म्हणाला. त्याने राउटर बंद करून पुन्हा चालू केला. चक्र फिरत राहिले. त्याने स्वतःच्या फोनवर तेच पान उघडले. पान चटकन उघडले आणि सांगू लागले, की ही परीक्षा फोनवर देता येणार नाही, संगणक वापरा.

"बघ. नेट ठणठणीत आहे. लॅपटॉपच गेलाय तुझा."

आता यात मधली पायरी कुठे आहे, तुम्हीच सांगा. नेट ठीक आहे, इथवर पटले. पण म्हणून मी गेलो? घरातली साखर संपली नाही, तरी चहा कडू लागला, तर दोष थेट कपाचा?

त्याने ब्राउझरचा जुना साठा, म्हणजे आधी पाहिलेल्या पानांचे जपलेले तुकडे, पुसला, कारण कोणीतरी कधीतरी त्याला तसे सांगितले होते. उपाय वाईट नव्हता, कधी कधी लागूही पडतो. पण इथे दुखणे वेगळे होते. मालकिणीची पाने आणि परवलीचे शब्द तिच्या ब्राउझरच्या खात्यात राहत असत. राखणदारही त्याच खात्याचे पगारी. साठा पुसल्याने त्यांच्या केसालाही धक्का लागला नाही. मग त्याने माझ्या पाठीवर दोन चापट्या मारल्या. त्या कोणत्या शास्त्रात बसतात, ते मला अजून कळलेले नाही.

दुसऱ्या दिवशी मला दुरुस्तीवाल्याकडे नेले. त्याच्या काउंटरवर माझ्यासारखे बरेच जण पोट उघडून पडले होते. त्याने मला उघडले, ब्रशने धूळ काढली. ते सुख मी नाकारत नाही. मग त्याने बातम्यांचे एक पान उघडून पाहिले. ते उघडले.

"हे तर उघडतंय," मालकीण म्हणाली. "मग परीक्षेचंच का नाही उघडत?"

"मॅडम, ते पान जड असेल. ह्याचं वय झालंय. किती ओढणार? एक्स्चेंजमध्ये देऊन टाका."

"पण नेमकं काय बिघडलंय?"

"वय," तो म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. मालकिणीने विचारलेला प्रश्न बरोबर होता. एक पान उघडते, दुसरे उघडत नाही, तर फरक कशात आहे? पण ती दमलेली होती, ठकी कडेवर चुळबुळत होती, आणि जाणत्या माणसाने निकाल दिलेला होता. घरी येऊन ठकीच्या बाबाने एक्स्चेंजवाल्याला फोन केला. सोमवारी येऊन घेऊन जा, म्हणाला. माझ्यासमोर म्हणाला. जुन्या वस्तूंना कान नसतात असे माणसांना वाटते.

शनिवारी सकाळी ठकीची आत्या स्वतःचा नवा कोरा लॅपटॉप घेऊन आली. चंदेरी, वहीसारखा पातळ, पंख्याचा आवाजसुद्धा नाही. तो माझ्या शेजारी टेबलावर ठेवला गेला. मी त्याच्याकडे पाहिले, त्याने माझ्याकडे पाहिले नाही.

"घे गं. उद्या ह्याच्यावर दे परीक्षा," आत्या म्हणाली. "तो तुझा ट्रॅक्टर बंद कर आधी. कान किटले."

"ताई, तुमचे फार उपकार झाले. पण तुमच्या कामाचं काय?"

"रविवारी कसलं काम? आणि हे बघ, उपकार वगैरे बोलायचं नाही. लागलीस ना कामाला, तर मला एकदा रक्त तपासून दे. सुई न टोचता."

मालकीण हसली. बऱ्याच दिवसांनी. मग तिने त्या चंदेरी पाहुण्यात आपले ब्राउझरचे खाते उघडले. तिची जपून ठेवलेली पाने आली, परवलीचे शब्द आले, आणि त्यांच्या मागोमाग, कोणाच्या लक्षात न येता, सगळे राखणदार दंडुके घेऊन नव्या दारात येऊन उभे राहिले.

तिने सरावाचे पान उघडले. वरची पट्टी आली, रुग्णालयाचे चिन्ह आले, आणि मध्यभागी चक्र फिरू लागले.

आत्याने चष्मा लावून पाहिले. "अगंबाई. हाही?"

मी हसलो नाही. माझा पंखा जरा जोरात फिरला, इतकेच.

"आता काय करायचं?" ठकीचा बाबा डोके खाजवत म्हणाला. "हा तर नवा आहे."

मालकीण रडेल असे मला वाटले. तिचा चेहरा तसा झालाही होता. ठकी तिच्या पायाशी बसून चमचा आपटत होती. उद्या सकाळी परीक्षा, दोन लॅपटॉप, आणि दोन्हींवर तेच चक्र. पण ती रडली नाही. ती नुसती पाहत राहिली, एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे. आणि मग तिच्या डोळ्यांत ती जुनी नजर आली. प्रयोगशाळेतली. मी ती ओळखतो.

"थांबा जरा," ती म्हणाली. "आमच्याकडे एकच नमुना दोन यंत्रांवर लावतात. दोन्हींवर सारखाच चुकीचा आकडा आला, तर यंत्राला शिव्या द्यायच्या नसतात. नमुना बघायचा."

"म्हणजे?" आत्याने विचारले.

"म्हणजे दोघांत सारखं काय आहे? हा जुना, तो नवा. कंपनी वेगळी. नेट तेच आहे, पण फोनवर त्याच नेटवर पान उघडतं. मग दोघांत सारखं काय उरलं?"

ठकीने चमचा आपटला.

"मी उरले," मालकीण म्हणाली. "माझं खातं. मी माझ्याबरोबर काहीतरी घेऊन आलेय इकडे."

मित्रांनो, इतके दिवस मी जे ओरडून सांगू शकत नव्हतो, ते तिने स्वतःच्या तोंडाने सांगितले. माझ्यावरचा आळ तिथेच निम्मा उतरला.

मग तिने चंदेरी पाहुण्याला बाजूला सारले आणि मला जवळ ओढले. "आमच्याकडे कोरी चाचणीही करतात," ती पुटपुटली. "नमुना न घालता यंत्र चालवून बघायचं." तिने ब्राउझरची खासगी खिडकी उघडली. काळपट रंगाची ही खिडकी तुम्ही पाहिली असेल. तिच्यात शिरताना आपले खाते, आपला साठा बाहेर राहतो, आणि मुद्दाम परवानगी दिली नसेल तर राखणदारही बाहेरच राहतात. तिथे तिने सरावाच्या पानाचा पत्ता लिहिला.

ते उघडले. डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडले. माझ्यावर उघडले. ह्याच जुन्या, सैल बिजागरीच्या, ट्रॅक्टरसारख्या आवाजाच्या माझ्यावर.

पण परीक्षेला तिच्या खात्यात जपलेले ओळखपत्र लागणार होते आणि ते ह्या कोऱ्या खिडकीत येत नव्हते, म्हणून नेहमीच्या खिडकीतले दुखणे शोधणे भाग होते. ती परत तिकडे गेली आणि राखणदारांना एकेक करून रजा देऊ लागली. जाहिरातवाल्याला बंद केले, पान पुन्हा उघडले. चक्र. त्याला परत चालू करून चित्रेवाल्याला बंद केले. चक्र. आत्याने शिफारस केलेल्याला बंद केले. चक्र.

"एकदम सगळे बंद कर ना," ठकीचा बाबा म्हणाला.

"मग कोणामुळे होत होतं ते कसं कळणार?"

शेवटी कॅमेऱ्याच्या राखणदाराला बंद केले. पान उघडले.

परीक्षा देणाऱ्याचा चेहरा पडताळायला त्या पानाचा एक तुकडा दुसऱ्या ठिकाणाहून येत होता आणि कॅमेरा मागत होता. राखणदाराने त्याला अनोळखी समजून दारातच धरून ठेवले होते. ना आत सोडले, ना जा म्हणून सांगितले. आणि पान बिचारे आत वाट पाहत बसले होते. राखणदाराचाही दोष नाही म्हणा. त्याला जे सांगितले होते, ते तो करत होता.

मालकिणीने तो राखणदार कोणत्या दिवशी, कोणत्या भीतीने बसवला, ते तिला आठवले असावे. ठकीला तिने मांडीवर घेतले.

"म्हणजे मीच," ती म्हणाली.

"अगं, पोरीसाठीच केलंस ना," आत्या म्हणाली. "माझ्या आईने मला पोहायला शिकवलं नाही, बुडेन म्हणून. आता मी बादलीला घाबरते."

मालकिणीने त्या राखणदाराला हाकलून दिले नाही. त्याला सांगितले, की हे एक ठिकाण ओळखीचे आहे, याला सोड, बाकीच्यांना अडव. आणि ज्या दोघांचे काम सारखेच होते, त्यांच्यातला एक कायमचा काढून टाकला. ही तिची पद्धत मला आवडली.

"मग उद्या माझ्याच लॅपटॉपवर देतेस ना?" आत्याने विचारले. "आता तोही ठीक होईल."

"नाही ताई. ह्याच्यावर देते." तिने माझ्या तिरक्या बटणावर बोट ठेवले. "ह्याची बटणं माझ्या हाताला माहीत आहेत."

"मधेच बंद पडला तर?" ठकीच्या बाबाने विचारले.

"कधी पडलाय? पान उघडलं नाही, हा बंद पडला नव्हता. आपण दोन्ही एकच समजलो."

रविवारी सकाळी तिने खोलीचे दार लावून घेतले. परीक्षा सुरू झाली की खुर्चीवरून उठायचे नाही, कॅमेऱ्यासमोरून हलायचे नाही, असा नियम होता. पान उघडले, चेहरा पडताळला गेला, प्रश्न आले. पेशींची जांभळी चित्रे पुन्हा माझ्या पडद्यावर आली. मी सगळा जोर लावला. पंखा घरघरला तरी मी पर्वा केली नाही.

परीक्षा अर्ध्यावर आली आणि दाराबाहेर ठकी रडू लागली. साधे रडणे नव्हते ते. पडल्यावर श्वास ओढून येते तसले. मालकिणीचा हात कळफलकावरच थांबला. तिची मान दाराकडे वळू लागली. मी तिच्यासमोर होतो, मला तिच्या डोळ्यांत सगळे दिसत होते. बाहेर बाबा म्हणत होता, "काही नाही, काही नाही, गुडघा खरचटलाय फक्त. आई कामात आहे. ये, घोडा घोडा." रडणे वाढले, मग उतरले, मग हुंदके, मग घोड्याच्या टापांचा आवाज.

मालकीण उठली नाही. तिने डोळे पुसले आणि पुढच्या प्रश्नाचे उत्तर लिहिले. तिरके बटण त्या उत्तरात पुष्कळदा लागले, आणि प्रत्येक वेळी ते दाबले गेले.

शेवटी तिने उत्तरे पाठवली. चक्र फिरू लागले. ती हलली नाही. तिने माझ्या पाठीवर चापटी मारली नाही, पान पुन्हा पुन्हा ताजे केले नाही. ती थांबली. चक्र थांबले, आणि पडद्यावर अक्षरे उमटली, की उत्तरे पोचली.

बाहेर जाऊन आधी तिने ठकीचा गुडघा पाहिला, फुंकर मारली. मग ठकीच्या बाबाला म्हणाली, "त्या एक्स्चेंजवाल्याला सांग, उद्या येऊ नकोस."

"काय सांगू?"

"सांग, आमचं निदान चुकलं होतं."

तिला ती जागा मिळाली. आता ती सकाळी प्रयोगशाळेत जाते. मी घरी टेबलावर असतो, फळीवर नाही. टेबलाच्या कोपऱ्यांचे मोजे मात्र अजून तिथेच आहेत. माणसे एका रविवारात बदलत नाहीत, आणि बदलावीत असेही मी म्हणणार नाही.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंबद्दल दयाळूपणे बोलणारे पुष्कळ असतात. बिचारा, म्हणतात, आणि भंगारात देतात. मला तुमची दया नको. मला चौकशी हवी. पुढच्या वेळी तुमच्यासमोर ते चक्र अखंड फिरत राहिले, तर मला मारू नका. आधी विचारा: हे एकच पान अडले आहे की सगळी? दुसऱ्या यंत्रावर उघडते का? कोऱ्या खिडकीत उघडते का? अलीकडे आपणच काही नवे बसवले आहे का? एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहा, म्हणजे खरा अडवणारा सापडेल. आणि राखणदार जरूर ठेवा. फक्त त्यांना काय काय अडवायला सांगितले होते, ते विसरू नका.

मीही एक दिवस खरोखर थांबेन. त्या दिवशी चक्र फिरणार नाही, पंखा वाजणार नाही, आणि माझ्या काळ्या पडद्यात तुम्हाला फक्त तुमचा चेहरा दिसेल. तेव्हा खुशाल म्हणा, की ह्याचे वय झाले होते. पण ते तपासून म्हणा.